औषधावाचून प्रसूती : पूर्वतयारीचे स्वरूप आणि मर्यादा

१. प्रश्नाची मांडणी

'औषधावाचून प्रसूती' या शब्दप्रयोगाने दोन अगदी भिन्न परिस्थिती सूचित होतात. वेदनाशामक औषधे आणि भूलतज्ज्ञ हाताशी असताना एखादी स्त्री विचारपूर्वक त्यांचा आश्रय घेत नाही, ही पहिली परिस्थिती होय. तशी कोणतीही सोय प्रसूतिगृहात नसल्यामुळे तिला कळा जशाच्या तशा सोसाव्या लागतात, ही दुसरी. बाहेरून पाहणाऱ्यास या दोन्ही प्रसूती सारख्याच दिसतात. परंतु पहिलीत निवड असते व बहुधा तयारीही असते, दुसरीत पुष्कळदा दोहोंचाही अभाव असतो.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतातील ८८.६ टक्के आणि महाराष्ट्रातील ९४.७ टक्के बाळंतपणे आरोग्यसंस्थांमध्ये झाली. बाळंतपण घरातून रुग्णालयात आले, हे माता व बालक यांच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने इष्टच झाले. मात्र त्याबरोबर वेदनाशमनाची सोय सर्वत्र पोहोचली असे नाही. एपिड्यूरल पद्धती अद्याप मुख्यत्वे मोठ्या शहरांतील खासगी रुग्णालयांपुरतीच राहिली आहे. म्हणून औषधावाचून होणारी प्रसूती हा काही मोजक्या सुशिक्षित स्त्रियांच्या आवडीनिवडीचा विषय नसून बहुसंख्य स्त्रियांच्या प्रत्यक्ष अनुभवाचा विषय आहे. तिच्यासाठी कोणती पूर्वतयारी करता येते, त्या तयारीने काय साधते आणि काय साधत नाही, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

येथे 'औषध' या शब्दाने केवळ वेदनाशामक औषध अभिप्रेत आहे. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव टाळण्यासाठी दिले जाणारे ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन किंवा जंतुसंसर्गावरील उपचार यांचा त्याग या कल्पनेत मुळीच अंतर्भूत नाही.

२. वेदनेचे स्वरूप

प्रसूतिवेदना एकजिनसी नसते. पहिल्या अवस्थेत गर्भाशयाच्या आकुंचनाने आणि गर्भाशयमुख ताणले जाऊन उघडत असल्याने वेदना उत्पन्न होते. तिचे संदेश पाठीच्या खालच्या भागातील मज्जातंतूंवाटे जातात. म्हणून ती ओटीपोटात, कमरेत व मांड्यांत पसरल्यासारखी वाटते आणि तिचे नेमके स्थान दाखविता येत नाही. दुसऱ्या अवस्थेत बालक योनिमार्गातून पुढे सरकते, तेव्हा तेथील त्वचा व स्नायू यांच्या ताणाची वेदना तीव्र आणि निश्चित ठिकाणची असते.

या वेदनेचे दुसरे वैशिष्ट्य म्हणजे तिची खंडितता. प्रसूतीला वेग आल्यावर दहा मिनिटांत साधारणतः तीन ते चार कळा येतात व प्रत्येक कळ सुमारे एक मिनिट टिकते. म्हणजे तासाभरातील वीस-पंचवीस मिनिटे कळांची, तर उरलेली पस्तीस-चाळीस मिनिटे विश्रांतीची असतात. पूर्वतयारीचा मोठा भाग या मधल्या मिनिटांशी निगडित आहे. कळ ओसरल्यावरही पुढच्या कळेच्या धास्तीने जी स्त्री अंग आखडून राहते, तिची विश्रांती वाया जाते.

तिसरी गोष्ट भीतीच्या शारीरिक परिणामाची. भीतीने शरीरात ॲड्रिनॅलीन वाढते आणि त्याचा एक परिणाम गर्भाशयाची आकुंचने मंदावण्यात होतो. रक्तातील या द्रव्याचे वाढलेले प्रमाण आणि लांबलेली प्रसूती यांचा संबंध १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळून आला. म्हणून आसन्नप्रसवेला धीर देणे हे केवळ सौजन्य नव्हे. त्याला शरीरशास्त्रीय आधार आहे.

३. दोन परंपरा आणि एक अतिरेक

१८४७ साली एडिंबरा येथील जेम्स यंग सिम्पसन यांनी प्रसूतीत प्रथम ईथरचा व नंतर क्लोरोफॉर्मचा उपयोग केला. १८५३ मध्ये राणी व्हिक्टोरियाने आपल्या आठव्या प्रसूतीच्या वेळी डॉ. जॉन स्नो यांच्याकडून क्लोरोफॉर्म घेतला, तेव्हा या उपचाराला प्रतिष्ठा लाभली. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे मॉर्फीन व स्कोपोलामीन यांच्या साहाय्याने 'संधिनिद्रा' देण्याची पद्धती निघाली. तीत स्त्रीला वेदनेची आठवण राहत नसे. परंतु वेदना नाहीशी होत असे असे नाही. आपल्याच प्रसूतीला स्त्री मनाने अनुपस्थित राहावी, या स्थितीविरुद्ध उमटलेली प्रतिक्रिया म्हणजे नैसर्गिक प्रसूतीची चळवळ होय.

इंग्लंडमधील प्रसूतितज्ज्ञ ग्रँटली डिक-रीड (१८९०–१९५९) यांनी १९३३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात भीती, ताण आणि वेदना यांचे एक चक्र कल्पिले. भीतीमुळे ताण, ताणामुळे वेदना व वेदनेमुळे पुन्हा भीती, असा तो क्रम होता. ज्ञान आणि शिथिलीकरण यांच्या योगे हे चक्र तोडावे, हा त्यांचा उपाय. ताणाने गर्भाशयाचे कोणते तंतू आवळले जातात याविषयीची त्यांची उपपत्ती पुढे जशीच्या तशी टिकली नाही. परंतु भीती हा वेदनेचा एक घटक आहे हा मूळ विचार टिकला.

दुसरी परंपरा सोव्हिएत संघातली. खारकोव्ह येथील मनोविकारतज्ज्ञ वेल्वोव्स्की आणि त्यांचे सहकारी यांनी १९४९ च्या सुमारास पावलोव्हच्या प्रतिक्षिप्त क्रियांच्या सिद्धांतावर 'मनोप्रतिबंधक' पद्धती उभारली. त्यांच्या मते कळ आणि यातना यांचे साहचर्य बव्हंशी शिकलेले आहे. ते शिक्षणानेच मोडता येईल व त्याच्या जागी कळ आणि श्वसन असे नवे साहचर्य रुजविता येईल. १९५१ साली ही पद्धती देशभर अवलंबिण्याचा आदेश निघाला. त्याच वर्षी फ्रान्सचे डॉ. फेर्नां लामाझ यांनी ती लेनिनग्राड येथे पाहिली आणि १९५२ पासून पॅरिसमधील धातुकामगार संघटनेच्या प्रसूतिगृहात ती सुरू केली. १९५६ च्या जानेवारीत पोप बारावे पायस यांनी या पद्धतीत धर्माला आक्षेपार्ह असे काही नाही, असा निर्वाळा दिला. मार्जरी कार्मेल यांच्या १९५९ च्या पुस्तकामुळे ती अमेरिकेत लोकप्रिय झाली. साम्यवादी देशात जन्मलेली पद्धती अशा रीतीने दहा वर्षांत भिन्न मतांच्या समाजांत स्वीकारली गेली.

या प्रसारात एक गोष्ट दृष्टीआड झाली. युद्धोत्तर सोव्हिएत संघात वेदनाशामक औषधे आणि ती देणारे तज्ज्ञ यांची मोठी टंचाई होती. शिक्षणाने वेदना टळत असेल, तर औषधाची उणीव भासणार नाही, हे राज्ययंत्रणेला सोयीचे होते. शिवाय पद्धतीचे नावच 'वेदनारहित प्रसूती' असे पडले. त्यामुळे जिला वेदना झाल्या तिने अभ्यास नीट केला नसावा, असा निष्कर्ष अपरिहार्य ठरला. लामाझ यांच्या प्रसूतिगृहात स्त्रियांच्या वर्तनाला उत्कृष्टापासून पूर्ण अपयशापर्यंत श्रेणी दिल्या जात, याकडे पुढे शीला किट्झिंगर यांनी टीकात्मक लक्ष वेधले. वेदनेतून मुक्ती देण्यास निघालेल्या पद्धतीने तिची परीक्षा करून टाकली.

माँट्रियल येथील मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेल्झॅक व त्यांचे सहकारी यांनी १९८१ साली या दाव्याची पडताळणी केली. प्रशिक्षण घेतलेल्या स्त्रियांच्या वेदनेचे मान काहीसे कमी आढळले. तथापि बहुतेकींच्या वेदना तीव्रच होत्या. तात्पर्य, पूर्वतयारी उपयुक्त आहे. परंतु ती वेदनेचा लोप करीत नाही.

४. पूर्वतयारीची अंगे

पहिले अंग ज्ञानाचे. प्रसूतीच्या अवस्था, त्यांना लागणारा काळ व रुग्णालयातील क्रम यांची माहिती गर्भिणीला आधी असावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक शिफारशींनुसार पहिल्या अवस्थेचा वेगवान भाग गर्भाशयमुख ५ सेंटिमीटर उघडल्यावर सुरू होतो आणि पहिलटकरणीत तो साधारणतः १२ तासांच्या आत पुरा होतो. गर्भाशयमुख दर तासाला १ सेंटिमीटर उघडलेच पाहिजे, ही जुनी कसोटी सर्व स्त्रियांना लावणे अवास्तव असल्याचे या शिफारशी स्पष्ट करतात. हे ठाऊक असलेली स्त्री पहिल्या सौम्य कळांतच थकून जात नाही.

दुसरे अंग श्वसन व शिथिलीकरण यांचे. लामाझ यांच्या मूळ पद्धतीतील जलद श्वसनाला आता पूर्वीचे महत्त्व राहिलेले नाही. अतिजलद श्वासोच्छ्वासाने रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो, चक्कर येते व बोटांना मुंग्या येतात. संथ श्वास आणि लांब उच्छ्वास पुरेसा असतो. तो गर्भारपणातच रोज थोडा वेळ सरावाने अंगवळणी पाडावा लागतो. कळा सुरू झाल्यावर शिकविलेले तंत्र सहसा उपयोगी पडत नाही.

तिसरे अंग हालचालीचे. पहिल्या अवस्थेत उभ्याने राहणे, बसणे किंवा चालणे यांमुळे ती अवस्था सरासरीने सुमारे १ तास २२ मिनिटांनी आखडते, असे २५ अभ्यासांच्या २०१३ मधील एकत्रित परीक्षणात दिसून आले. या संदर्भात चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठवा अध्याय लक्षणीय आहे. आसन्नप्रसवेने मुसळ घेऊन उखळात धान्य कांडावे, या मताचे तेथे खंडन केले असून अतिश्रम टाळून तिने जांभया द्याव्यात व फेऱ्या माराव्यात, असे सुचविले आहे. कळ आलेली नसताना जोर करणे व्यर्थ आहे, ज्याप्रमाणे वेळ आल्यावाचून शिंक आणता येत नाही, असाही उपदेश तेथे आहे. प्राचीन वचन म्हणून ते प्रमाण ठरत नाही. परंतु स्त्रीने स्वतःला जाणवणाऱ्या वेगानुसार जोर करावा, या आजच्या शिफारशीशी ते जुळते.

चौथे अंग स्पर्शाचे. मेल्झॅक व वॉल यांच्या १९६५ च्या 'द्वार-नियंत्रण' उपपत्तीनुसार त्वचेवरील दाब व ऊब यांचे संदेश मज्जारज्जूतच वेदनेच्या संदेशांना काही अंशी अडवू शकतात. कंबर चोळणे, माकडहाडावर तळहाताने दाब देणे, कोमट पाण्याने शेकणे या सुईणींच्या परिचित उपायांची संगती या उपपत्तीने लागते.

पाचवे आणि सर्वांत सबळ अंग सोबतीचे. प्रसूतीच्या काळात अखंड सोबत मिळालेल्या स्त्रियांचा २०१७ साली पुन्हा आढावा घेण्यात आला. १५,००० हून अधिक स्त्रियांचा अंतर्भाव असलेल्या २६ चाचण्यांतून असे दिसले की, सोबतीमुळे औषधाची गरज, शस्त्रक्रियेचे प्रमाण आणि असमाधान ही तिन्ही घटतात व प्रसूतीचा काळही थोडा आखडतो. सूतिकागारात अनेकदा प्रसूत झालेल्या, स्नेहशील स्त्रिया असाव्यात, असे चरकसंहितेत सांगितले आहे. घरच्या बाळंतपणात आई, मावशी, सुईण यांच्या रूपाने ही सोय आपोआप होई. रुग्णालयात मात्र प्रसूतिकक्षाच्या दाराशी ती तुटली. भारत सरकारने २०१६ मध्ये सार्वजनिक आरोग्यसंस्थांत सोबतिणीला परवानगी दिली आणि २०१७ च्या 'लक्ष्य' कार्यक्रमात तिचा पुरस्कार केला. जेथे खाटांमध्ये साधा पडदाही नाही, तेथे या परवानगीला फारसा अर्थ उरत नाही.

५. बेत बदलण्याची तयारी

पूर्वतयारीत बेत बदलण्याच्या प्रसंगांचाही अंतर्भाव असला पाहिजे. बालकाच्या हृदयाच्या ठोक्यांत बिघाड, रक्तदाबाची वाढ, अतिरिक्त रक्तस्राव, खुंटलेली प्रगती ही वैद्यकीय हस्तक्षेपाची कारणे आहेत. तेथे तयारीचा किंवा धैर्याचा प्रश्नच उद्भवत नाही. याखेरीज, कोणतीही गुंतागुंत नसता केवळ वेदना असह्य झाल्या म्हणून औषध मागणे हेही पुरेसे कारण होय. २०१८ च्या शिफारशींत मालिश व शिथिलीकरण यांबरोबरच मागणी केल्यास एपिड्यूरल द्यावे, असे म्हटले आहे. एपिड्यूरलमुळे सिझेरियन शस्त्रक्रिया वाढते, ही समजूत चाचण्यांच्या एकत्रित परीक्षणात खरी ठरलेली नाही. या बाबतीत चुकीची भीती घालणे हेही अज्ञानाचेच एक रूप होय.

म्हणून गर्भिणीने व तिच्या सोबतिणीने काही गोष्टी रुग्णालयाशी अगोदरच बोलून ठेवणे इष्ट असते. फिरण्यास मोकळीक आहे काय, पाणी व हलका आहार घेता येईल काय, सोबतीण अखेरपर्यंत राहू शकेल काय, प्रसूतीसमयी कोणती स्थिती घेता येईल आणि मागणी केल्यास वेदनाशमनाची कोणती सोय मिळेल, हे ते प्रश्न होत. पाचांपैकी एकाचेही उत्तर एकट्या स्त्रीच्या हाती नाही.

६. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे दिसून येईल की, पूर्वतयारीची जी अंगे सर्वाधिक परिणामकारक आहेत, ती स्त्रीच्या मनोनिग्रहापेक्षा रुग्णालयाच्या व्यवस्थेवर अधिक अवलंबून आहेत. श्वसनाचा सराव ती घरी करू शकेल. परंतु चालण्यास जागा, आडोशास पडदा, सोबतीस माणूस आणि धीराचे दोन शब्द बोलण्याइतकी उसंत असलेली परिचारिका या गोष्टी संस्थेनेच सिद्ध ठेवावयाच्या असतात. तयारी फक्त गर्भिणीने करावयाची व संस्थेने पूर्ववत राहावयाचे, असे झाल्यास खारकोव्ह आणि पॅरिस येथील चूक नव्या रूपात घडेल. व्यवस्थेची उणीव स्त्रीच्या अंगच्या उणिवेच्या नावावर मांडली जाईल.

पूर्वतयारी ही औषधाला पर्याय म्हणून नव्हे, तर स्त्रीच्या निर्णयशक्तीला आधार म्हणून मोलाची आहे. जेथे औषध मिळू शकते तेथे ती तिला नाकारण्याचे बळ देते आणि मागण्याचेही. जेथे ते मिळत नाही, तेथे तयारीने तिचे हाल कमी होतात. परंतु त्यामुळे औषध मिळवून देण्याच्या कर्तव्यातून कोणाचीही सुटका होत नाही.