अखंड प्रक्रियेतील फेसाचा बंदोबस्त : विद्रावकविरहित फेसनाशकांचा उपयोग

ऊस पिकविणाऱ्या शेतकऱ्यास फेस हा नवा नाही. गुऱ्हाळाच्या काहिलीतील रस उकळू लागला की फेस पाहता पाहता काठापर्यंत चढतो. अशा वेळी अनुभवी गुळव्या त्यावर शेंगदाण्याचे किंवा एरंडीचे थोडे तेल शिंपडतो आणि चढलेला फेस खाली बसतो. हीच क्रिया साखर कारखान्यात, मद्यार्काच्या कारखान्यात व फळप्रक्रिया केंद्रात मोठ्या प्रमाणावर करावी लागते. मात्र काहिलीतील रसाचे आधण एकदा उतरले की काम संपते. कारखान्यात रस रात्रंदिवस वाहत असतो. त्यामुळे गुऱ्हाळातील तोडगा कारखान्यात जसाच्या तसा लागू पडत नाही. तेथे फेसनाशक कोणते वापरावे, किती वापरावे आणि कोणत्या ठिकाणी सोडावे, याचा स्वतंत्र विचार करावा लागतो.

खानदेशाच्या दृष्टीने हा विषय महत्त्वाचा आहे. फैजपूरजवळील मधुकर, चाळीसगाव तालुक्यातील बेलगंगा, साक्री तालुक्यातील पांझरा-कान आणि शिरपूर येथील सहकारी कारखाना, तसेच १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यात असलेल्या शहादे तालुक्यातील सातपुडा-तापी परिसर कारखाना, यांच्यामुळे येथील ऊसशेती यंत्रयुगाशी जोडली गेली. यांपैकी काही कारखाने पुढे दीर्घ काळ बंद राहिले. अशा प्रदेशात टाकीवरून वाहून गेलेला रस हा केवळ कारखान्याचा तोटा ठरत नाही; तो सभासद शेतकऱ्याच्याही पदरचा तोटा असतो.

फेस का होतो?

शुद्ध पाण्यातून हवा सोडली तर बुडबुडे येतात आणि लगेच फुटतात. फेस टिकत नाही. उसाच्या रसात मात्र प्रथिने, डिंकासारखे चिकट पदार्थ व इतर द्रव्ये असतात. ती बुडबुड्याच्या पातळ पापुद्र्यात गोळा होऊन त्यास बळकटी आणतात. चुना व गंधकाचा धूर देऊन रस शुद्ध करताना, पाइपमधून रस उंचावरून टाकीत पडताना, किंवा पंपाच्या सैल गाळ्यातून हवा ओढली जाताना या फेसात भर पडते.

मद्यार्काच्या कारखान्यात फेसाचे कारण किण्वनातच असते. एक किलो ग्लुकोजपासून सिद्धांततः सुमारे ५११ ग्रॅम मद्यार्क आणि ४८९ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निर्माण होतो. ३० अंश सेल्सिअस तापमानास हा वायू सुमारे २७५ लिटर जागा व्यापतो. एवढा वायू उसाच्या काळ्या मळीच्या चिकट द्रावणातून वर येत असताना फेस होणे अटळ आहे.

फेसनाशक कसे कार्य करते?

चांगल्या फेसनाशकास तीन गुण आवश्यक असतात. ते द्रवात विरघळता कामा नये, त्याचा पृष्ठताण द्रवापेक्षा कमी असावा, आणि त्याचे बारीक थेंब होऊन ते पापुद्र्यावर झपाट्याने पसरावे. असा थेंब पापुद्र्यात शिरला की त्या जागी पापुद्रा पातळ होऊन फुटतो. काही फेसनाशकांत सिलिकाचे अथवा मेणाचे अतिसूक्ष्म कण मिसळलेले असतात. ते पापुद्र्यास टोचणीसारखे भेदतात.

पूर्वी अनेक ठिकाणी केरोसीन किंवा हलके खनिज तेल हेच वाहक म्हणून वापरले जाई. ते स्वस्त असते, पातळ असते आणि चटकन पसरते. परंतु केरोसीनची वाफ सुमारे ३५ ते ४० अंशांपासूनच ठिणगीने पेट घेऊ शकते. साखर कारखान्यात रस ७० ते ७५ अंशांपर्यंत व नंतर १०० अंशांच्या वर तापविला जातो. जळगावात उन्हाळ्यात हवेचेच तापमान ४५ अंशांच्या घरात जाते. अशा ठिकाणी केरोसीनची वाफ म्हणजे आगीस निमंत्रण होय. शिवाय तिचा वास मालास लागतो, कामगारांच्या श्वासात ती जाते आणि उरलेला अंश सांडपाण्यात उतरतो. खाद्यपदार्थाच्या प्रक्रियेत असे द्रव्य मुळीच वापरू नये.

विद्रावकविरहित फेसनाशकात असा उडून जाणारा वाहक नसतो. वनस्पतिजन्य तेले व त्यांच्या मेदाम्लांपासून केलेली द्रव्ये, पॉलिग्लायकॉल वर्गातील द्रव्ये आणि सिलिकोन हे त्यांचे प्रमुख प्रकार आहेत. शेंगदाणा तेलाची वाफ पेटण्यास २५० अंशांहून अधिक तापमान लागते. त्यामुळे आगीचे भय पुष्कळ कमी होते. एरंडेल तेलावर गंधकाम्लाची प्रक्रिया करून केलेले टर्की रेड ऑइल भारतातील मद्यार्क कारखान्यांत फेसनाशक म्हणून दीर्घकाळ वापरात आहे. ज्या प्रदेशात भुईमूग व सरकी पिकते आणि जेथे १९४५ साली अमळनेर येथे वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही वनस्पति तेलाची कंपनी, म्हणजे पुढची विप्रो, स्थापन झाली, तेथे तेलाचा हा उपयोग समजणे कठीण नाही.

सिलिकोन अत्यल्प मात्रेत प्रभावी असते, तथापि त्यास मर्यादा आहेत. तळण्याच्या तेलात डायमिथिल पॉलिसिलोक्झेन हे दर दहा लाख भागांस १० भागांपर्यंतच चालते. इतर अन्नप्रक्रियांत वापरावयाचे द्रव्य त्या कामासाठी मान्य आहे किंवा नाही, हे खरेदीपूर्वीच पाहावे.

अखंड प्रक्रियेतील हिशेब

या विषयाचे मर्म मात्रेच्या हिशेबात आहे. समजा, १०,००० लिटरची एक टाकी आहे, तीत दर ताशी २,००० लिटर रस येतो आणि तितकाच बाहेर जातो. द्रव चांगला ढवळला जातो असे मानल्यास, सकाळी एकदाच टाकलेल्या फेसनाशकापैकी पाच तासांनी सुमारे ३७ टक्के व दहा तासांनी केवळ १४ टक्के भाग टाकीत उरतो. बाकीचा रसाबरोबर पुढे निघून गेलेला असतो.

आता, हिशेबापुरते, दर लिटरला १० मिलिग्रॅम मात्रा पुरेशी आहे असे धरू. एकाच वेळी टाकून दहा तास ही पातळी राखावयाची असेल, तर प्रारंभी सुमारे ७४० ग्रॅम द्रव्य ओतावे लागेल. याउलट, प्रारंभी १०० ग्रॅम टाकून नंतर ताशी २० ग्रॅम या दराने थेंबथेंब सोडत राहिल्यास दहा तासांत एकूण ३०० ग्रॅम पुरतात. म्हणजे निम्म्याहून अधिक द्रव्य वाचते आणि फेसही कोणत्याच क्षणी डोके वर काढीत नाही.

ठिबक सिंचनासाठी प्रसिद्ध असलेल्या जळगाव जिल्ह्यात याचा दाखला वेगळा देण्याची गरज नाही. मोकाट पाणी दिल्यास पहिल्या दिवशी केळीच्या मुळाशी चिखल होतो आणि पुढे ताण पडतो. थेंबथेंब दिल्यास कमी पाण्यात भागते. फेसनाशकाचेही तसेच आहे. म्हणून अखंड प्रक्रियेत मात्रा मोजून सोडणारा छोटा पंप हा चैनीचा भाग नाही. तो आवश्यक साधन आहे. रसाचा प्रवाह कमी-जास्त झाला की पंपाची गतीही त्या प्रमाणात बदलावी.

जास्त मात्रेचे दुष्परिणाम

फेस दिसला की आणखी ओता, ही सवय महागात पडते. अधिक तेल बाष्पीभवन यंत्राच्या तापत्या नळ्यांवर लेप धरते आणि उष्णता पोहोचण्यास अडथळा करते. जेथे यीस्टला अथवा सांडपाण्यातील जिवाणूंना हवा द्यावी लागते, तेथे फेसनाशकामुळे प्राणवायू द्रवात विरघळण्याचा वेग मंदावतो. मद्यार्क कारखान्यात जुन्या पद्धतीने एक लिटर मद्यार्कामागे साधारणतः ८ ते १५ लिटर सांडपाणी निघते. त्यापासून जैववायू करणाऱ्या टाकीत मेदाम्ले अधिक गेल्यास वायू निर्माण करणारे जिवाणू मंदावतात. सांडपाणी पुन्हा वापरात आणण्यासाठी बारीक पडद्याची गाळणी बसविलेली असेल, तर तेल व सिलिकोन या दोहोंमुळे तिची छिद्रे बुजतात. जेथे द्रव पुनःपुन्हा फिरवला जातो, तेथे फेसनाशक साठत जाते. तेथील मात्रा क्रमाने घटवावी.

प्रत्यक्ष कामाच्या सूचना

१. औषधापूर्वी कारण शोधावे. पाइपचे तोंड द्रवाच्या पातळीखाली ठेवावे, पंपाचे गाळे घट्ट करावेत, रस उंचावरून पडू देऊ नये आणि टाकीत फेसासाठी रिकामी जागा राखावी. एवढ्याने पुष्कळदा निम्मे काम होते.

२. खरेदीपूर्वी परीक्षा घ्यावी. उंच काचेच्या नळकांड्यात कारखान्यातीलच द्रव, नेहमीच्याच तापमानास घेऊन त्यातून हवा सोडावी. फेस ठराविक उंचीस आला की मोजका थेंब टाकावा. फेस किती सेकंदांत बसतो आणि परत येण्यास किती वेळ घेतो, या दोन्ही नोंदी कराव्यात. अखंड कामासाठी दुसरी नोंद अधिक मोलाची आहे.

३. किमतीची तुलना वजनावरून करू नये. पाण्यात मिसळून विकल्या जाणाऱ्या द्रव्यात पुष्कळदा बहुतांश पाणीच असते. २० टक्के क्रियाशील द्रव्य असलेल्या ५ किलोत जेवढे द्रव्य असते, तेवढेच शंभर टक्के द्रव्याच्या १ किलोत असते. वाहतूक आणि डब्यांचा खर्चही त्या मानाने घटतो.

४. फेसनाशक फेसावर ओतण्यापेक्षा फेस होण्याच्या जागेआधी, जेथे द्रव खळबळतो तेथे सोडावे. पंपाच्या ओढीच्या बाजूस सोडल्यास त्याचे बारीक थेंब आपोआप होतात.

५. विद्रावक नसल्याने हे द्रव्य दाट असते. धुळ्याच्या थंडीत पारा एक-आकडी झाला की ते अधिकच घट्ट होते व मापात चूक होते. डबा उबदार खोलीत ठेवावा आणि वापरण्यापूर्वी तळापासून ढवळून घ्यावा.

६. रोजच्या मात्रेची नोंदवही ठेवावी. मात्रा अकस्मात वाढू लागली तर ऊस शिळा येत आहे किंवा यंत्रात हवा शिरत आहे, असे समजून तपास करावा.

७. मळीच्या साठ्याच्या टाकीत फेस वाढू लागल्यास केवळ फेसनाशकावर विसंबू नये. साठलेली मळी तापली की तिच्यातील रासायनिक क्रियेने वायू सुटतो. अशा वेळी मळी थंड करणे हाच खरा उपाय होय.

ज्यांचे स्वतःचे गुऱ्हाळ आहे, त्यांनी काहिलीत खाण्यायोग्य शुद्ध तेलाखेरीज दुसरे काही टाकू नये. डिझेल, केरोसीन किंवा यंत्राचे वापरलेले तेल तर कदापि नको. जे कारखान्याचे सभासद आहेत, त्यांनी वार्षिक सभेत साखर उताऱ्याबरोबरच फेसनाशकावरील खर्च व सांडलेला रस यांचीही विचारणा करावी. रस टाकीत राहिला तरच तो साखर होतो. आणि तो टाकीत ठेवण्यासाठी लागते ते योग्य द्रव्य, मोजकी मात्रा आणि नित्याची देखरेख.