चालता लॅपटॉप अचानक बंद पडतो तेव्हा

आपल्या घरांत लॅपटॉप येतो तो बहुधा जुनाच. कंपन्यांनी तीन-चार वर्षे वापरून काढून टाकलेली यंत्रे साफसूफ होऊन बाजारात येतात आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, दिल्लीत नेहरू प्लेसला ती नव्याच्या निम्म्याहून कमी दरात मिळतात. मुलगी बारावीनंतर नर्सिंगला लागली, मुलगा डिप्लोमाला गेला, की बाप ओव्हरटाइमचे पैसे बाजूला टाकून असे एखादे यंत्र घेऊन येतो. वर्षभर ते चालते बरे. मग एके दिवशी महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरता भरता पडदा काळा होतो, पंख्याचा आवाज थांबतो, आणि तासभर बसून भरलेली माहिती जाते. शेवटच्या तारखेला असे झाले तर वर्षाची शिष्यवृत्तीच पणाला लागते.

घाबरलेले घर यंत्र पिशवीत घालून दुकान गाठते. तेथे दोनच उत्तरे मिळतात. एक, "फॉरमॅट मारावा लागेल." दुसरे, "मदरबोर्ड गेला." पहिल्यात काही शे रुपये जातात, दुसऱ्यात काही हजार. आमचे सांगणे एवढेच आहे की, दुकानात जाण्यापूर्वी चार दिवस थांबा आणि एका वहीत नोंद ठेवा. आम्ही कारकुनी करणारी माणसे. खतावणीत न दिसणारी चूक रोजकीर्दीत सापडते, हा आमचा रोजचा अनुभव आहे.

वहीत काय लिहायचे? तारीख, वेळ, लॅपटॉप चालू करून किती मिनिटे झाली होती, चार्जर लावलेला होता की नाही, बॅटरीचा आकडा किती टक्के दिसत होता, लॅपटॉप कशावर ठेवला होता आणि त्या वेळी काम कोणते चालले होते. बंद पडला तो कसा, हेही लिहावे. निळा पडदा येऊन इंग्रजीत काही मजकूर दिसला आणि यंत्र आपणहून पुन्हा सुरू झाले, तर तो प्रकार निराळा. त्यात रॅमची पट्टी, हार्ड डिस्क किंवा एखादी बिघडलेली प्रणाली यांचा संशय घ्यावा. दिवा गेल्यासारखे एका क्षणात सगळे विझले, तर वीज किंवा उष्णता यांपैकी एकाचा हात आहे असे धरून चालावे. येथे आपण बोलतो आहोत ते या दुसऱ्या प्रकाराबद्दल.

उष्णतेचे आधी पाहू, कारण जुन्या यंत्रांत हे दुखणे फार आढळते. लॅपटॉपच्या प्रोसेसरमध्ये तापमान मोजण्याची सोय आतच असते. तापमान १०० अंश सेल्सिअसच्या आसपास जाऊ लागले की तो प्रथम स्वतःचा वेग कमी करतो. तरीही ताप उतरला नाही, तर स्वतः जळून जाण्यापूर्वी यंत्राचा पुरवठाच तोडतो. घरातला फ्यूज उडतो तसाच हा प्रकार. त्यामुळे अशा बंद पडण्यात मदरबोर्ड गेलेला नसतो. उलट त्याची राखण करणारी व्यवस्था शाबूत आहे असे समजावे.

ताप वाढतो कशाने? आत तांब्याची एक चपटी नळी प्रोसेसरची उष्णता ओढून कडेच्या पातळ पत्र्यांपर्यंत नेते आणि छोटा पंखा त्या पत्र्यांतून हवा बाहेर फेकतो. पाच-सहा वर्षांत पंखा व पत्रे यांच्यामध्ये धूळ आणि कापसाची बोंदरे साचून नमद्यासारखा थर बनतो. पंखा फिरतो, आवाज करतो, पण हवा बाहेर येत नाही. जाळीपाशी हात धरून पाहा: आवाज मोठा आणि वारा नाही, तर धूळ आहे. आवाजच नाही, तर पंखा अडकला आहे. शिवाय प्रोसेसर व तांबे यांच्यामध्ये लावलेली थर्मल पेस्ट वर्षांनुवर्षे सुकत जाते आणि मग उष्णता तांब्यापर्यंत नीट पोहोचत नाही.

त्यात भर आपल्या घरांची. बहुतेक कंपन्या लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरावा असे आपल्या पुस्तिकेत लिहितात. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात बाहेरच ४५ अंश होतात; पत्र्याखालच्या खोलीत दुपारी काय होत असेल ते सांगायला नको. एसीच्या कचेरीत २५ अंशांच्या हवेत जे यंत्र वर्षानुवर्षे बिनतक्रार चालले, तेच आपल्याकडे वीस अंश वरून सुरुवात करते. आणि ते ठेवतो आपण गादीवर, गोधडीवर! बऱ्याच लॅपटॉपची हवा आत घेण्याची जाळी तळाला असते, ती कापडाने पूर्ण बुजते.

गेल्या उन्हाळ्यातले एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. आमच्या वस्तीतील नर्सिंगला असलेल्या एका मुलीचे यंत्र असेच बंद पडू लागले. दुकानदाराने तिच्या आईला "मावशी, मदरबोर्ड बदलावा लागेल" म्हणून साडेसहा हजार सांगितले. आम्ही तिला म्हटले, "ताई, पैसे द्यायच्या आधी चार दिवस वही लिही." नऊ नोंदी झाल्या. त्यांतल्या सात दुपारी बारा ते चारमधल्या, पलंगावर बसून व्हिडिओ पाहतानाच्या, चालू केल्यापासून वीस-पंचवीस मिनिटांनंतरच्या. लगेच पुन्हा चालू केले तर पाच मिनिटांत बंद. अर्धा तास ठेवून चालू केले तर पुन्हा वीस मिनिटे. रात्री फरशीवर ठेवून त्याच चार दिवसांत तिने तीन-तीन तास काम केले, तेव्हा चार्जर लावलेला असताना एकदाही बंद पडले नाही. वही बोलली! वस्तीतल्याच आयटीआय झालेल्या एका मुलाने तळाचे झाकण उघडले, तर आत बोटभर लांब धुळीची वळी निघाली. साफसफाई केली, नवी पेस्ट लावली, आणि त्या सात नोंदींचा प्रश्न तेथे मिटला.

उरलेल्या दोन नोंदी मात्र रात्रीच्या होत्या, चार्जर काढलेला असतानाच्या. आकडा ३८ टक्के आणि ३५ टक्के. हे दुखणे बॅटरीचे. लिथियम-आयन बॅटरी काही शे वेळा भरली-उतरवली की तिची ताकद घटते. आकडा ३५ दाखवला तरी काम वाढताच तिचा दाब एकदम खाली येतो आणि यंत्र विझते. याची परीक्षा सोपी आहे. चार्जरवर तासन् तास चालते आणि चार्जर काढला की दगा देते, तर दोष बॅटरीत. बॅटरी बाहेर निघणारी असेल, तर ती काढून नुसत्या चार्जरवर चालवून पाहावे. विंडोजमध्ये बॅटरीचा लेखी अहवालही मिळतो: कमांड प्रॉम्प्ट उघडून पॉवर-सीएफजी हा शब्द इंग्रजीत सलग टाइप करावा, मग जागा सोडून तिरपी रेघ व तिला जोडून बॅटरीरिपोर्ट हा सलग शब्द. अहवालात 'डिझाइन कपॅसिटी' आणि 'फुल चार्ज कपॅसिटी' असे दोन आकडे असतात. दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्याखाली आला असेल, तर बॅटरी थकली असे समजावे. परीक्षेच्या दिवसांत लगेच बदलायला पैसे नसतील, तर चार्जर लावूनच काम करावे. फक्त वीज गेली की यंत्र जाणार, हे ध्यानात ठेवून दर पाच मिनिटांनी काम सेव्ह करावे.

चार्जरचेही पाहावे. हरवलेल्याच्या जागी कोणाचा तरी जुना चार्जर लावला जातो. त्याच्या पाठीवर व्होल्ट आणि अँपिअर लिहिलेले असतात. दोहोंचा गुणाकार म्हणजे वॉट. १९.५ व्होल्ट व ३.३४ अँपिअर म्हणजे ६५ वॉट. लॅपटॉपला ६५ लागत असताना ४५ चा लावला, तर काम जड झाल्यावर पुरवठा अपुरा पडतो. व्होल्ट जुळलेच पाहिजेत. वॉट जास्त चालतील, कमी नको. वायर हलवली की दिवा मिचकावत असेल, तर चार्जर घालण्याची खाच ढिली झाली आहे, ते काम रेणाचे आहे आणि स्वस्तातले आहे.

फॉरमॅटबद्दल एक परीक्षा सांगून ठेवतो. यंत्र चालू करताना एफ-२, डिलीट किंवा एफ-१० दाबले (कंपनीप्रमाणे बटण बदलते) की बायोसचा पडदा येतो. तेथे विंडोज सुरूच झालेले नसते. त्या पडद्यावर अर्धा तास ठेवूनही यंत्र बंद पडले, तर विंडोजचा संबंध नाही आणि फॉरमॅटने फरक पडणार नाही. दुकानदार कधी कधी इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'कर्नल-पॉवर ४१' ही नोंद पुरावा म्हणून दाखवतात. तिचा अर्थ इतकाच की यंत्र मागच्या वेळी रीतसर बंद झाले नव्हते. ते तर आपल्यालाही ठाऊक असते!

घरी करता येण्याजोगे थोडे आहे, ते करावे. लॅपटॉप लाकडी पाटावर ठेवावा, मागची बाजू दोन खोडरबरांवर उचलावी. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये 'मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट' १०० ऐवजी ९९ केला, तर बऱ्याच यंत्रांत प्रोसेसरची जादा धाव थांबते आणि ताप बराच उतरतो. झाकण उघडायचे तर चार्जर काढून, यंत्र पूर्ण बंद करून, बॅटरीची जोडणी सोडवून. पंखा काडीने अडवून धरावा आणि मऊ ब्रशने धूळ काढावी. पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढीच पुरते. हात बसलेला नसेल, तर जाणत्याकडूनच करून घ्यावे.

एका गोष्टीत मात्र चार दिवसांची वही नको, त्याच क्षणी थांबावे. टचपॅड वर उचललेला दिसला, कीबोर्ड फुगला, किंवा लॅपटॉप सपाट जागी डुगडुगू लागला, तर आतली बॅटरी फुगली आहे. ती दाबू नये, टोचू नये, पुन्हा चार्ज करू नये; अशी बॅटरी पेट घेऊ शकते. लहान मुलांच्या हाती जाऊ देऊ नये आणि कचऱ्याच्या डब्यात तर मुळीच टाकू नये, कारण ती पुढे हाताळणारी माणसे आपलीच असतात. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ प्रमाणे जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. नवी घेताना जुनी परत घेण्यास दुकानदारास सांगावे.

इतके करूनही गुण आला नाही, तर दुकान आहेच. जाण्यापूर्वी दाखले व प्रमाणपत्रे पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावीत. वही सोबत न्यावी आणि दुकानदारापुढे उघडून ठेवावी. कोणता भाग बदलणार, किती रुपयांत, किती दिवसांची हमी, हे पावतीवर लिहून मागावे, आणि काढलेला जुना भाग आपल्या पिशवीत परत घ्यावा.