बॅटरी पंपाचा चार्जर शहाणा हवा

आळेफाटा परिसरात पाठीवरचा हातपंप आता मागे पडत चालला आहे. कांद्यावर करपा दिसो की टोमॅटोवर अळी, पाठीवर १६ लिटरचा बॅटरी पंप चढतो. हाताला आराम मिळतो, फवारा एकसारखा पडतो. पण ढगाळ हवेत, फवारणी एक दिवसही लांबवता येत नाही, नेमका तेव्हाच हा पंप चार टाक्यांत मान टाकतो. मग आपण बॅटरीला नावे ठेवतो. खरे तर पुष्कळदा तिचा जीव चार्जरने घेतलेला असतो.

बॅटरी कशी मरते?

बऱ्याच पंपांत १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तासाची शिशाची बंद बॅटरी असते. आत दोन-दोन व्होल्टची सहा घरे. बॅटरी भरत आली की व्होल्ट चढतात. साध्या चार्जरला थांबायचे कळत नाही. व्होल्ट १५ च्या पुढे गेले की आतल्या पाण्याचा वायू होतो, बॅटरी तापते, फुगते. बंद बॅटरीत पाणी परत घालता येत नाही. उलट, उतरलेली बॅटरी तशीच कोपऱ्यात ठेवली तर पट्ट्यांवर सल्फेटचा कडक थर बसतो. दावणीच्या जनावरासारखेच आहे हे: उपाशी ठेवले तरी वाईट, बेसुमार चारले तरी वाईट.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. वस्तीवर वीज कधी येईल, कधी जाईल, भरवसा नाही. प्लग काढायला रात्री दोन वाजता गोठ्यात कोण जाणार? ज्या जुन्नर तालुक्यात माणिकडोहला बिबट्यांचे निवारा केंद्र उभारावे लागले, तिथे उसाच्या कडेने अंधारात जाणे परवडणारे नाही. म्हणून आपले आपण थांबणारा चार्जर हवा.

बनवायचा कसा?

रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्या कारागिराला पुढील सामान सांगा. १५ व्होल्ट, २ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर, चार डायोडचा ब्रिज, २२०० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्टचा कपॅसिटर आणि एलएम ३१७ ही आयसी. आयसी तापते, म्हणून तिला अ‍ॅल्युमिनियमचा मोठा पत्रा हवाच. व्होल्ट ठरवायला २४० ओहम आणि २.२ किलोओहमचे रेझिस्टर, सोबत ५०० ओहमचा प्रीसेट. करंटला लगाम घालायला बीसी ५४७ ट्रान्झिस्टर व ०.६८ ओहम, २ वॅटचा रेझिस्टर. त्यामुळे करंट साधारण ०.९ अँपिअरवर राहतो. शेवटी एक डायोड, म्हणजे वीज गेल्यावर बॅटरी उलटी उतरणार नाही.

आता बॅटरी न जोडता टोकांना १ किलोओहमचा रेझिस्टर लावा आणि प्रीसेट फिरवून मीटरवर १३.८ व्होल्ट आणा. कडक उन्हाळ्यात १३.५ ठेवा. बॅटरी भरत आली की करंट आपोआप कमी कमी होत जातो. रात्रभर लावून ठेवली तरी नुकसान नाही, मध्येच वीज गेली तर आल्यावर काम पुढे चालू. बॅटरी जरा सावकाश भरते, पण टिकते. २३० व्होल्टची बाजू मात्र जाणत्या वायरमनकडूनच, फ्यूज लावून, बंद डब्यात करून घ्या.

लिथियमला हा चार्जर लावू नका!

द्राक्षछाटणीची बॅटरी कात्री, ड्रिल यांत बहुधा लिथियम बॅटरी असते. तिच्या नेहमीच्या प्रकारात एका सेलची मर्यादा ४.२ व्होल्ट, पाच सेलची २१ व्होल्ट. मर्यादा ओलांडली तर बॅटरी पेट घेऊ शकते. तिला तिचाच चार्जर वापरा. फुगलेली बॅटरी चार्ज करू नका. झोपायच्या खोलीत, गवताजवळ किंवा कडब्याजवळ चार्जिंग नको. बॅटरीवर लेड-अ‍ॅसिड की लिथियम, हे आधी वाचा.

नवा चार्जर करण्याआधी जुना तपासा. शिशाची बॅटरी रात्रभर लावा आणि सकाळी चार्जर चालू असतानाच तिच्या टोकांना मीटर लावा. काटा १३.८ च्या आसपास असेल तर चार्जर शहाणा आहे, खर्च करू नका. १५ कडे गेला असेल तर तो बॅटरी खातो आहे. फवारणी झाली की त्याच संध्याकाळी बॅटरी लावायची, आणि हंगाम नसला तरी दोन महिन्यांतून एकदा भरायची. एवढे केले तर ऐन करप्यात पंप दगा देणार नाही.