मोकळी पिन
(द्वितीय वर्ष, कला)

कला शाखेच्या विद्यार्थ्याने इलेक्ट्रॉनिक्सवर लेख लिहावा, याचे काही मित्रांना नवल वाटेल. पण कॉलेज सुटल्यावर संध्याकाळी मी एका दुरुस्तीच्या दुकानात काम करतो. तेथे शिकलेल्या विद्येतील एक चूक आमच्या घराला महाग पडली. ती इतरांच्या हातून घडू नये, म्हणून हा प्रपंच.

आमच्या आडावर अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटार आहे. टाकी भरली की ती बंद व्हावी आणि रिकामी झाली की सुरू व्हावी, असे सर्किट मी गेल्या उन्हाळ्यात तयार केले. आठ दिवस घरात माझे कौतुक चालले होते. नवव्या रात्री टाकी भरलेली असताना मोटार सुरू झाली, आडातले पाणी संपले तरी चालूच राहिली, आणि पहाटे वाइंडिंग जळाल्याचा वास आला. दुरुस्तीला १८०० रुपये लागले, म्हणजे आबांची चार दिवसांची मजुरी. आबा रागावले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "बटण कुणी दाबलं नाही, टाकी भरलेली. मग चालू हो म्हणून त्याला सांगितलं कुणी?"

या प्रश्नाचे उत्तर शोधायला मला आठवडा लागला.

सर्किटमध्ये ७४एचसी०० ही १४ पिनांची आय.सी. होती. तिच्यात चार 'नँड' गेट असतात. प्रत्येक गेटला दोन इनपुट व एक आउटपुट. नियम साधा आहे: दोन्ही इनपुट १ असतील तरच आउटपुट ०, एरवी १. येथे १ म्हणजे ५ व्होल्टच्या जवळ आणि ० म्हणजे शून्याच्या जवळ. शेवटच्या गेटचे आउटपुट १ झाले की रिले ओढला जाऊन मोटार सुरू होई. त्याच्या एका इनपुटवर टाकीकडून संदेश येई. १ म्हणजे 'थांब'. दुसरे इनपुट मी हाताने सुरू करण्याच्या बटणासाठी राखले होते. बटण नंतर बसवू म्हणून ते तसेच मोकळे सोडले.

मोकळे इनपुट म्हणजे १, असे दुकानातले जुने कारागीर सांगत. १९६० च्या दशकात आलेल्या टीटीएल जातीच्या ७४०० मालिकेपुरते ते बरेचसे खरे आहे. मात्र तेथेही मोकळी पिन दीड व्होल्टच्या आसपास राहते आणि खात्रीच्या १ साठी २ व्होल्ट लागतात. माझी आय.सी. तर सीमॉस जातीची. तिच्या इनपुटपाशी काचेसारख्या निरोधकाचा पातळ थर असतो, त्यामुळे मोकळ्या पिनेवरचा विद्युतभार इकडे-तिकडे तरंगत राहतो. नुसता हात जवळ नेला तरी रिले टकटक वाजे, हे मी पाहिले. व्होल्टेज मध्येच अडकले तर आतले वरचे व खालचे दोन्ही ट्रान्झिस्टर एकदम वाहू लागतात आणि आय.सी. तापते.

यात वेगाची भर पडते. 'एचसी' मधला 'एच' हा वेगाचाच. असे गेट सेकंदाच्या सुमारे दहा कोटीव्या भागात उत्तर देते. जुने, संथ गेट क्षणिक गडबड पचवून टाकते. वेगवान गेट तिलाच हुकूम समजते.

उपाय मात्र स्वस्त आहेत. अँड आणि नँड गेटचे न वापरलेले इनपुट ५ व्होल्टला जोडावे; जुन्या टीटीएलमध्ये ते १ किलोओहम रोधामार्फत जोडतात. ऑर आणि नॉरचे ग्राउंडला जोडावे. शेजारच्या वापरातल्या इनपुटला जोडले तरी उत्तर बरोबर येते, पण मागच्या गेटवर दुप्पट भार पडून वेग घटतो. एखादे गेट अजिबात नको असेल तर त्याचे इनपुट बांधावेत आणि आउटपुट मोकळे ठेवावे. आउटपुट बांधू नये. काही अतिवेगवान ईसीएल आय.सीं.मध्ये इनपुटला खाली ओढणारा रोध आतच असतो, तेथे पिन मोकळी चालते. म्हणून आधी त्या आय.सी.चा माहितीतक्ता वाचावा.

रकाना कोरा सोडणे म्हणजे 'नाही' लिहिणे नव्हे, हे कॉलेजात प्रवेश घेताना मला एका अर्जाने शिकवले होते. आमच्या घरात त्याआधी असा अर्ज कोणी भरलाच नव्हता, तेव्हा सांगणार कोण? तरीही सर्किट करताना मी तोच धडा विसरलो.

आता त्या इनपुटपासून ५ व्होल्टपर्यंत १० किलोओहमचा रोध आहे. बटण दाबले तरच ते ग्राउंडला जाते. आबांना मी सांगितले, "त्याला कुणीच काही सांगितलं नव्हतं, तीच माझी चूक." आबा म्हणाले, "मग आता सांगितलंस ना?"

मित्रांनो, डाख देण्यापूर्वी कागदावर प्रत्येक इनपुटसमोर १, ० किंवा 'संदेश' असे लिहा. एकही जागा कोरी ठेवू नका.