शेळीला औषध कळते, पण कधी?

माण-खटावपासून आटपाडी, कवठेमहांकाळ, जतपर्यंतच्या दुष्काळी पट्ट्यात आपल्या वस्त्यांवर दारात दोन-चार शेळ्या असतातच. ज्याला जमीन नाही त्याची अडीनडीची पुंजी तीच. मुलीची फी असो की दवाखान्याचा खर्च, आधी बोकड विकला जातो. म्हणून आरोग्याच्या या पानावर आम्ही यावेळी शेळीविषयी लिहितो आहोत.

शेळ्या राखणाऱ्या आयाबाया म्हणतात, शेळीला आपले औषध आपसूक कळते. या म्हणण्यात तथ्य आहे. टांझानियातील महाले डोंगरात १९८७ साली मायकेल हफमन या अभ्यासकाने एक आजारी चिंपांझी मादी पाहिली. एका कडू झुडपाची कोवळी फांदी सोलून ती आतला गर चघळत होती आणि रस गिळत होती. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा नीट हिंडू-खाऊ लागली. सुमात्रा बेटावर २०२२ मध्ये एका ओरांगउटानने तोंडावरच्या जखमेला चघळलेला पाला लावला. जखम पाच दिवसांत मिटली.

आपल्या कामाचा प्रयोग मात्र मेंढ्यांवरचा आहे. अमेरिकेतील युटा स्टेट विद्यापीठात कोकरांना पोट बिघडवणारे तीन प्रकारचे खाद्य दिले आणि प्रत्येकावरचा उताराही चाखवला. पुढे तिन्ही उतारे समोर ठेवले, तेव्हा या कोकरांनी ज्या त्रासाला जो लागू तोच निवडला. ज्यांना आधी हा अनुभव नव्हता, त्यांना ते जमले नाही. म्हणजे हे ज्ञान सगळे जन्मजात नसते. पोट बिघडते, काहीतरी खाल्ल्यावर बरे वाटते आणि ते ध्यानात राहते. करडू आईमागे चरताना हेच शिकत असते.

आपल्याकडची बाभूळ घ्या. तिच्या शेंगांत आणि पाल्यात तुरट टॅनिन असते. टॅनिनचा पाला खाणाऱ्या शेळ्या-मेंढ्यांत जंतांचा जोर कमी झाल्याचे बऱ्याच प्रयोगांत दिसले आहे. शिवाय शेळी मान वर करून बोर, बाभूळ, हिवराचा पाला ओरबाडते, तर जंतांची पिले गवताच्या बुडाशी, दवात असतात. उंचावर चरणे हीच तिची निम्मी काळजी. दावणीला बांधून एकच कापलेला चारा घातला, की ही निवड संपते.

दुष्काळातही ती संपते. भुकेली शेळी औषध निवडत नाही, मिळेल ते खाते. एरवी टाळलेली घाणेरीही खाते आणि तिचे यकृत बिघडते. पाण्यावाचून खुरटलेल्या ज्वारीचे कोवळे फुटवे खाल्ले तर तासाभरात जनावर दगावू शकते. गाई-म्हशी हाडे चघळतात, तेव्हा त्या शरीरात कमी पडलेला फॉस्फरस शोधत असतात. पण कुजलेल्या हाडातूनच जीवघेणी विषबाधा होते. त्यांना क्षारांची चाटण वीट टांगून द्यावी.

तक्षशिलेत जीवकाला गुरूने औषधी नसलेली वनस्पती शोधून आणायला सांगितले आणि त्याला एकही सापडली नाही, ही विनयपिटकातली कथा आपण ऐकतो. त्याआधी तो सात वर्षे शिकला होता, हे मात्र सांगायचे राहून जाते. शेळीच्या पोटात जे पचते ते माणसाला पचेलच असे नाही. शेळीने खाल्लेला पाला लेकरांना वाटून पाजू नका, आणि त्याच्या भरवशावर कुणाची चालू गोळी बंद करू नका.

वर्षावासाच्या महिन्यांत जंत सर्वांत जास्त होतात. त्या दिवसांत दव वाळल्यावरच शेळ्या सोडा, आणि बांधून ठेवल्या असतील तर तीन-चार प्रकारचा पाला टांगा. पंधरा दिवसांनी डोळ्याची खालची पापणी ओढून आतला रंग पाहा. तो लालसर असेल तर ठीक. पांढुरका दिसला किंवा जबड्याखाली पाणी भरल्यासारखी सूज आली, तर जंत रक्त पीत आहेत असे समजा. तेव्हा बाभळीच्या शेंगांवर विसंबू नका. लेंडी तपासून, वजन सांगून डॉक्टरांकडूनच औषध घ्या. दवाखाना लांब असेल तर १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाला फोन करता येतो.