मानसशास्त्राचा पाया घरबसल्या

मानसशास्त्र प्रयोगावर उभे आहे. विल्हेम वुंट यांनी १८७९ मध्ये जर्मनीतील लाइपझिग येथे त्याची प्रयोगशाळा उघडली. हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्मरणावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरगटांच्या याद्या ते स्वतः पाठ करत आणि काही काळाने त्याच याद्या पुन्हा पाठ करायला किती कमी वेळ लागतो, ते मोजत. तासाभरातच निम्म्याहून अधिक फायदा ओसरे, पुढे मात्र विसरण्याचा वेग मंदावे. आदल्या रात्रीची घोकंपट्टी का टिकत नाही, ते यातून कळते.

हा पाया सोलापुरातल्या विद्यार्थ्यालाही आता घरबसल्या शिकता येतो. केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ मंचावर २०१७ पासून असे अभ्यासक्रम मिळतात. त्यावरील, आयआयटींच्या ‘एनपीटीईएल’ या उपक्रमाचे अनेक अभ्यासक्रम ८ किंवा १२ आठवड्यांचे असतात. शिकणे मोफत, पण प्रमाणपत्रासाठी शुल्क भरून केंद्रावर परीक्षा द्यावी लागते. गुणांत स्वाध्याय २५ टक्के, परीक्षा ७५ टक्के. व्याख्याने बहुतांशी इंग्रजीत, ही मराठी माध्यमातल्या मुलांची खरी अडचण. बालभारतीचे अकरावीचे मानसशास्त्राचे पुस्तक शेजारी ठेवले, तर ती पुष्कळ हलकी होते.

मात्र हे प्रमाणपत्र उपचार करण्याचा परवाना नव्हे; चिकित्सा मानसशास्त्रज्ञ होण्यासाठी विशेष शिक्षण, देखरेखीखालील प्रशिक्षण आणि नोंदणी लागते.