विश्लेषण : पार्लरमधला हात त्वचेच्या कोणत्या थरापर्यंत पोहोचतो?

ब्युटी पार्लरचा कोर्स म्हटले की थ्रेडिंग, वॅक्सिंग, फेशियल डोळ्यांसमोर येते. मात्र हे सारे ज्या त्वचेवर करायचे, तिची रचना ठाऊक नसेल तर चेहरा उजळण्याऐवजी काळे डाग मागे राहू शकतात. ते कसे?

त्वचेचे थर किती?

मुख्य थर तीन. वर बाह्यत्वचा, मध्ये अंतस्त्वचा आणि तळाशी मेदाचा थर. बाह्यत्वचेत रक्तवाहिन्या नसतात. त्यामुळे ब्लॅकहेड काढताना रक्ताचा थेंब दिसला, तर इजा अंतस्त्वचेपर्यंत गेली असे समजावे. त्वचेला बळकटी देणारे कोलॅजन, रक्तवाहिन्या आणि तेलाच्या ग्रंथी याच थरात असतात.

स्क्रबने नेमके काय निघते?

बाह्यत्वचेच्या तळाशी नव्या पेशी तयार होतात. वर सरकताना त्यांत केराटिन भरते आणि पृष्ठभागावर येईपर्यंत त्या मृत होतात. तरुण वयात या प्रवासाला साधारण चार आठवडे लागतात. वय वाढते तसा तो लांबतो. मृत पेशींचा हा थर म्हणजे निव्वळ मळ नव्हे. तो त्वचेतला ओलावा टिकवतो, जंतूंना रोखतो. स्क्रबने त्यातील सैल झालेला भाग तेवढा काढायचा असतो. त्वचा लाल होऊन चुरचुरू लागली की थांबावे.

काळे डाग का पडतात?

मेलॅनिन तयार करणाऱ्या पेशी बाह्यत्वचेच्या तळाशी असतात. गोऱ्या आणि सावळ्या त्वचेत त्यांची संख्या जवळपास सारखीच असते. फरक मेलॅनिनच्या प्रमाणात आणि प्रकारात असतो. वॅक्सने भाजले, ब्लीच जास्त वेळ राहिले किंवा पुरळ उठले, तर दाहामुळे या पेशी जादा मेलॅनिन तयार करतात. गव्हाळ आणि सावळ्या त्वचेवर हे डाग अधिक उठून दिसतात. ते जायला अनेकदा काही महिने लागतात.

ग्राहकाला आधी काय विचारावे?

मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या किंवा रेटिनॉइड क्रीम सुरू आहे का, हे विचारावे. अशा त्वचेवर वॅक्सच्या पट्टीबरोबर कातडीही सोलली जाऊ शकते. ब्लीचपूर्वी पॅच टेस्ट घ्यावी. पापण्यांची त्वचा शरीरात सर्वांत पातळ असल्याने तेथे स्क्रब, ब्लीच टाळावे. तिळाचा रंग वा आकार बदलत असेल किंवा जखम भरत नसेल, तर तेथे हात न लावता ग्राहकाला त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवावे.